चपला दाराकडे तोंड करून

प्रवरेकाठच्या बेलापुरात कोणाच्याही घरी गेले की चपला उंबरठ्याबाहेर निघतात. ते कोणी सांगावे लागत नाही. बाहेरची धूळ ओसरीपर्यंत येते, त्यापुढे नाही, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. आलेल्याला पाय धुवायला तांब्याभर पाणी देण्याची रीत कमी झाली, पण चपला बाहेर काढण्याची रीत फरशीच्या आणि स्लॅबच्या घरांतही टिकून आहे. जपानला निघालेल्या मराठी माणसाची अर्धी शिकवणी या उंबरठ्यावर आधीच होऊन गेलेली असते. त्याच्या हाती मात्र 'हे करू नका, ते करू नका' अशी लांबलचक यादी दिली जाते आणि ती वाचून तो बिचकतो. यादीतल्या प्रत्येक नियमामागे एक कारण आहे. ते कारण बहुतेक वेळा एकच असते: आपल्यामुळे दुसऱ्याला काम पडू नये, त्याची जागा, त्याचा वेळ, त्याची शांतता आपण खाऊ नये.

जपानी घरात दार उघडले की आत लगेच पायरीभर खोल अशी छोटी जागा लागते. तिला गेंकान म्हणतात. बूट तिथे काढायचे. बूट काढलेला पाय त्या खालच्या फरशीवर न टेकवता थेट वरच्या जमिनीवर ठेवायचा, मग वाकून बूट फिरवायचे आणि त्यांची टोके दाराकडे करून ते बाजूला ठेवायचे. परतताना पाय सरळ बुटात जातो, आणि पाहुण्याचे अस्ताव्यस्त पडलेले बूट लावण्याचे काम यजमानावर येत नाही. वर घरातल्या सपाता मांडलेल्या असतात. तातामीच्या चटया अंथरलेल्या खोलीत त्या सपाताही चालत नाहीत, तिथे नुसत्या मोज्यांनी जायचे. संडासासाठी आणखी वेगळ्या सपाता असतात आणि त्या त्याच दारात सोडायच्या असतात. नवख्या पाहुण्याची ठरलेली फजिती म्हणजे त्या घालून दिवाणखान्यात परत येणे. बौद्ध मंदिरे, शाळा, काही दवाखाने, जुन्या धाटणीची जेवणघरे, मुक्कामाची र्योकाने, सगळीकडे हाच क्रम आहे. म्हणून जपानला नेण्याच्या सामानात पटकन निघणारे बूट आणि न फाटलेले मोजे हवेत. महागड्या कोटापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो.

आंघोळीचेही तसेच. गरम झऱ्याच्या ओन्सेनमध्ये किंवा गावातल्या सार्वजनिक सेन्तोमध्ये पाण्याचा हौद सगळ्यांचा एक असतो. त्यात उतरण्याआधी बाजूला बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचे, साबणाचा शेवटचा फेसही काढायचा, आणि मगच हौदात जायचे. तिथे बसायचे ते ऊब घ्यायला. अंगावर कपडा ठेवायचा नाही, पोहण्याचा पोशाखही नाही. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, तो घडी करून डोक्यावर ठेवतात. केस लांब असतील तर बांधायचे. सार्वजनिक पाण्यात मळकट अंगाने उतरू नये हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्याला अवघड जाते ते अनोळखी माणसांसमोर विवस्त्र होणे. स्त्रिया आणि पुरुषांचे हौद बहुतेक ठिकाणी वेगळे असतात, तरीही संकोच राहतोच. त्यावर तिथेच उपाय आहे. अनेक र्योकानांत तासाभरासाठी एकट्याला किंवा कुटुंबाला राखून मिळणारे स्नानघर असते. ते मागून घेण्यात कोणालाही वावगे वाटत नाही.

इथे एक बारीक अडचण आहे. ती मराठी घरांतल्या थोरल्या बायकांना भेटते आणि माहितीपत्रकांत क्वचितच लिहिलेली असते. जपानमधल्या बऱ्याच ओन्सेनमध्ये गोंदवलेल्या अंगाने प्रवेश नाही. तिथे अंगभर गोंदण हे याकुझा या गुन्हेगार टोळ्यांचे लक्षण मानले जात आले आहे, आणि इतर गिऱ्हाइकांना भीती वाटू नये म्हणून ही बंदी आली. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत आजींच्या हातावर तुळस, नाव किंवा ठिपके गोंदलेले असतात. त्याचा आणि टोळ्यांचा काडीचा संबंध नाही, पण नियम चित्र पाहून लागू होतो, अर्थ पाहून नाही. काही स्नानगृहे लहान गोंदण चिकटपट्टीने झाकायला परवानगी देतात, काही देत नाहीत. आजीला हौदाच्या दारातून मागे फिरावे लागू नये, यासाठी मुक्काम ठरवतानाच विचारून घेणे हे सहल नेणाऱ्याचे कर्तव्य आहे.

देवळात मराठी पाहुणा लवकर रुळतो. शिंतो देवस्थानात तोरी कमानीखाली किंचित झुकून आत जायचे, पुढे पाण्याच्या कुंडावर आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीतून तोंड धुवायचे. देवापुढे नाणे टाकून दोनदा वाकायचे, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचे. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे. टोकियोच्या आसाकुसा भागात सुमिदा नदीजवळ मात्सुचियामा शोदेन नावाचे मंदिर आहे. तिथले दैवत कांगितेन, म्हणजे बौद्ध वाटेने जपानला पोहोचलेला गणपती. नैवेद्याला मोदकाऐवजी पांढरा मुळा असतो, आणि ७ जानेवारीला मुळ्याचाच उत्सव होतो. मात्र मूर्ती भक्तांना दिसत नाही, ती आत झाकलेली असते. दर्शन म्हणजे डोळा भरून पाहणे अशी सवय असलेल्या माणसाला हे चुकल्यासारखे वाटेल. तिथे पुजाऱ्याला 'एकदाच दाखवा' म्हणून गळ घालू नये. पंढरपुरात पायांवर डोके ठेवायला मिळते तसे तिथे मिळत नाही, आणि तिथल्या भक्तांना तशी अपेक्षाही नसते.

मराठी माणसाला आपुलकी वाटावी असे दुसरे ठिकाण वाकायामा प्रांतातले कोयासान. कुकाई या आचार्यांना इ.स. ८१६ मध्ये या डोंगरावर मठ स्थापण्याची परवानगी मिळाली. तिथल्या कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याचे अनावरण केले. महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात त्याआधीच पर्यटन व संस्कृतीचा करार झालेला होता. कोयासानला मंदिरांमध्येच मुक्काम करता येतो. रात्रीचे जेवण संध्याकाळी लवकर येते, पहाटेच्या पूजेला बसता येते, आणि ताटात येते ते शोजिन र्योरी, म्हणजे भिक्षूंचे निरामिष जेवण. त्यात मांस-मासे नसतातच, परंपरेने कांदा-लसूणही नसतो. शाकाहाराबद्दल धास्तावलेल्या मराठी कुटुंबाने जपानची ओळख करून घ्यायला टोकियोपेक्षा इथून सुरुवात करावी.

कारण इतरत्र शाकाहार सांभाळणे खरोखर कठीण आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी नावाचे सार. ते बहुधा वाळवलेल्या मासळीच्या किसापासून होते. मिसो सूप, उदोन शेवयांचे पाणी, भाजीवरचा रस, सगळ्यात ते असते. 'यात मासा नाही ना?' असे विचारले तर वाढणारा प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल, कारण त्याच्या नजरेत तुकडा नाही म्हणजे मासा नाही. म्हणून दाशीबद्दल वेगळे विचारावे लागते, आणि तेही टेबलावर बसल्यावर नव्हे, जागा राखतानाच. आयत्या वेळी 'हे काढा, ते घालू नका' असे सांगणे जपानी स्वयंपाक्याला पेचात टाकते. त्याने सकाळपासून हिशेबाने तयारी केलेली असते. नाही म्हणणेही त्याला जड जाते आणि हो म्हणणे शक्य नसते.

जेवताना काड्या भातात उभ्या खोचू नयेत आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नये. हे दोन्ही नियम मरणाशी जोडलेले आहेत. मृताच्या पुढच्या भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या ठेवतात, आणि दहनानंतर नातेवाईक अस्थी काड्यांनी उचलून कलशात ठेवतात. उत्तरेकडे डोके करून झोपू नये म्हणणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला यात नवल वाटायला नको. जपानमध्येही तशी झोप अशुभच मानतात, कारण मृतदेह तसा निजवतात. शेवयांचे फुरके मारण्याला मात्र तिथे कोणाची हरकत नाही. नाक मोठ्याने शिंकरण्याला आहे. जेवणाआधी 'इतादाकिमास' म्हणतात. घास घेण्याआधी 'वदनी कवळ' म्हणायला शिकलेल्या माणसाच्या जिभेवर तो शब्द लगेच बसतो. आपल्या पेल्यात आपणच ओतून घ्यायचे नाही, शेजाऱ्याचा पेला भरायचा, तो आपला भरतो. वाढप्याला बक्षिशी ठेवायची नाही. ठेवली तर तो रस्त्यापर्यंत धावत येऊन परत करेल. पैसे हातात न देता गल्ल्यासमोरच्या छोट्या तबकात ठेवायचे.

इथपर्यंतचे सारे जमते. खरी कसोटी लागते ती आवाजाची.

मराठी सहलीचा जीव गप्पांत असतो. बसमध्ये अंताक्षरी, डब्यातून चिवडा पुढे सरकवणे, गाडीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला 'अहो, इकडे जागा आहे' अशी हाक. यात आपुलकी आहे, आणि ती खोटी नाही. पण टोकियोच्या लोकलमध्ये शेकडो माणसे खांद्याला खांदा लावून उभी असताना जी शांतता असते ती ठरवून पाळलेली असते. दमलेल्या माणसाला डुलकी घेता यावी, वाचणाऱ्याला वाचता यावे, म्हणून सगळे आपापला आवाज गिळतात. मोबाइलची घंटी बंद ठेवायची, डब्यात फोनवर बोलायचे नाही, पाठीवरची पिशवी पुढे घ्यायची किंवा वर ठेवायची. लोकलमध्ये खाणे टाळायचे. लांब पल्ल्याच्या शिन्कान्सेनमध्ये मात्र स्थानकावर मिळणारे डबे खाण्याची रीतच आहे, तिथे दशमी-चटणीही चालेल. मोठ्या बॅगांना मात्र तिथे नियम आहे: लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठे सामान असेल, तर २०२० पासून तोकाइदो, सान्यो आणि क्युशू शिन्कान्सेनमध्ये डब्यातल्या सामानाच्या जागेसह आरक्षण करावे लागते. दहा जणांच्या कुटुंबाने दहा मोठ्या बॅगा घेऊन ऐन गर्दीच्या वेळी फलाटावर येणे हाच तिथे सर्वांत मोठा उपद्रव ठरतो. बॅगा आदल्या दिवशी कुरियरने पुढच्या मुक्कामी पाठवण्याची उत्तम सोय आहे. ती सेवा ताक्क्युबिन या नावाने ओळखली जाते, आणि ती वापरायला हवी.

वेळेबद्दल सगळ्यांनी ऐकलेले असते, तरी एक उदाहरण सांगावेसे वाटते. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी मिनामी-नागारेयामा स्थानकातून त्सुकुबा एक्स्प्रेस ९ वाजून ४४ मिनिटे ४० सेकंदांनी सुटायची होती. ती ४४ मिनिटे २० सेकंदांनी सुटली. वीस सेकंद आधी गाडी सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली. दौंड–मनमाड मार्गावरच्या बेलापूर स्थानकावर, म्हणजे श्रीरामपूर गावातल्या स्थानकावर, गाडीची वाट पाहिलेल्या माणसाला ही बातमी गमतीची वाटेल. माफीमागचा विचार मात्र गंभीर आहे. त्या वीस सेकंदांच्या भरवशावर जिना उतरणारा एखादा माणूस असू शकतो. म्हणून भेटीला ठरल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी पोहोचायचे, उशीर होणार असेल तर तो होण्याआधी कळवायचे. साखर कारखान्याच्या भोंग्यावर पाळी धरणाऱ्या या पट्ट्यातल्या कामगारांना वेळ पाळता येत नाही असे कोणी म्हणणार नाही. कामाची वेळ आणि भेटीगाठीची वेळ यांना आपण दोन वेगळे काटे लावतो, तिथे काटा एकच असतो.

नकाराचा प्रश्न आणखी नाजूक आहे. जपानी माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही. तो दात किंचित आवळून श्वास आत ओढतो, 'ते जरा…' म्हणून थांबतो. तिथे वाक्य पूर्ण झालेले असते. मराठी पाहुणचार आग्रहावर चालतो. दुसऱ्या खेपेला जिलबी नको म्हणणाऱ्याच्या पानात ती पडतेच, आणि ती पडावी अशी त्याचीही इच्छा असते. तोच आग्रह जपानी सहकाऱ्यावर केला तर तो संकटात सापडतो. उलट बाजूने, आपली मान डावी-उजवीकडे डोलावण्याची सवय जपानी माणसाला नकारासारखी दिसते. कामाच्या ठिकाणी हो म्हणताना मान सरळ खाली न्यावी, आणि ऐकले असल्याची खूण म्हणून मधूनमधून 'हाय' म्हणत राहावे. नाव सांगताना स्वतःच्या नावापुढे 'सान' लावू नये, ते दुसऱ्यासाठी आहे. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे-घ्यावे, घेतलेले वाचावे, आणि मागच्या खिशात कोंबू नये.

पर्यटक दहा दिवसांत परततो. राहायला गेलेल्या कुटुंबाची परीक्षा कचऱ्यापाशी होते. जळणारा कचरा अमुक वारी, न जळणारा तमुक वारी, काच आणि डबे वेगळे, प्लास्टिकच्या बाटलीचे टोपण आणि वेष्टण काढून ती विसळून वेगळ्या पिशवीत. पिशवी पारदर्शक किंवा पालिकेने ठरवलेली, आणि ती त्याच दिवशी सकाळी ठरल्या वेळेआधी कोपऱ्यावर, कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी चिठ्ठी चिकटवून तिथेच सोडली जाते आणि सगळ्या गल्लीला दिसते. तोकुशिमा प्रांतातल्या कामिकात्सु या छोट्या गावाने २००३ मध्ये शून्य कचऱ्याचा संकल्प केला आणि ४५ प्रकारांत वर्गवारी नेली. रस्त्यांवर कचराकुंड्याच फार कमी. २० मार्च १९९५ रोजी ओम शिनरिक्यो पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला, त्यानंतर सुरक्षेसाठी अनेक कुंड्या काढल्या गेल्या. लोक आपला कचरा पिशवीत घालून घरी नेतात. शाळेत मुले स्वतः वर्ग झाडतात, जेवण वाढतात, त्यामुळे उचलणारा दुसरा कोणी आहे अशी भावना रुजतच नाही.

हे वाचून 'ते आपल्याकडे होणे नाही' असे म्हणणाऱ्यांना नगर जिल्ह्यानेच उत्तर दिलेले आहे. हिवरे बाजार गावाने श्रमदानातून, ग्रामसभेत ठरवलेल्या नियमांतून स्वतःला बदलले. गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनाआधी हातात झाडू घेऊन गाव झाडत, आणि त्यांच्या नावाने राज्यात २००० पासून ग्रामस्वच्छता अभियान चालले. न सांगता झाडू उचलणे ही परकी गोष्ट नाही. जपानमध्ये ती रोजची आहे आणि आपल्याकडे मोहिमेची, फरक एवढाच आहे, आणि तो थोडा नाही.

टोकियोच्या एदोगावा भागातले निशी-कासाई हे भारतीयांचे ठिकाण झाले ते २००० च्या आसपास, संगणकातल्या वर्षबदलाच्या कामासाठी अभियंते गेले तेव्हा. मागोमाग कुटुंबे आली, मसाल्यांची दुकाने आली, भारतीय शाळा आल्या, तोक्यो मराठी मंडळाचा गणेशोत्सव आला. शेजाऱ्यांशी खटके उडण्याची कारणेही रोजचीच होती: रात्री उशिरापर्यंत चालणारे मुलांचे खेळणे, फोडणीचा वास, जिन्यातल्या गप्पा, कचऱ्याच्या पिशव्या. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक तिथेच राहत होते. २०१२ मध्ये त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले आणि एप्रिल २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डच्या सभेवर निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते भारतीय वंशाचे पहिले. ६,४७७ मते त्यांना मिळाली. पुढे ते इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा येथील एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांनी प्रचारात स्वतःला भारतीय आणि जपानी रहिवाशांमधला पूल म्हणून मांडले. आपल्याच माणसांच्या वसाहतीत आरामात राहता आले असते, पण शेजाऱ्यांच्या कामात हात घातल्याशिवाय त्या गावचे होता येत नाही, हे त्यांच्या वाटचालीवरून दिसते.

नव्या घरात गेल्यावर समोरच्या तीन आणि आजूबाजूच्या दोन घरी छोटी भेट घेऊन जाण्याची जपानी रीत आहे. टॉवेल, साबण, बिस्किटांचा पुडा, काहीही चालते. ही रीत शहरांत मागे पडते आहे, पण परक्या कुटुंबाने ती पाळली तर पुढची कितीतरी वर्षे सोपी जातात. भेट दोन्ही हातांनी द्यावी, चार आणि नऊच्या संख्येत देऊ नये, आणि समोर उघडली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नये. लाडू न्यायचे तर एकेक वेगळा बांधून न्यावा, म्हणजे कचेरीत वाटता येतो. ताजी फळे, मिरच्या, कढीपत्ता मात्र तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय विमानतळावरच अडतात, आणि मांसाचे पदार्थही. औषधांची काळजी त्याहून मोठी. खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन, सर्दीच्या काही गोळ्यांतले स्यूडोएफिड्रिन यांवर तिथे मर्यादा आहेत, आणि महिन्याभरापेक्षा जास्त पुरतील इतकी डॉक्टरांनी दिलेली औषधे न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा घेऊन निघणाऱ्या आजी-आजोबांच्या मुलांनी हे तिकिटाआधी पाहावे.

आता जपान पाहुण्यांच्या गर्दीने दमलेलाही आहे. २०२४ मध्ये तिथे ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे आले. त्यांत भारतीय दोन लाखांवर होते. क्योतोच्या गिओन भागात गेइको-माइकोंचा, म्हणजे तिथल्या गेइशा कलावंतांचा, पाठलाग करून फोटो काढणाऱ्यांमुळे खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या आणि १०,००० येनच्या दंडाच्या पाट्या लागल्या. फुजीकावागुचिको गावात एका दुकानामागे दिसणाऱ्या फुजी पर्वताचा फोटो घ्यायला लोक रस्त्यात उभे राहत, दवाखान्याच्या आवारात गाड्या लावत. मे २०२४ मध्ये गावाने तिथे अडीच मीटर उंच काळा पडदाच ताणला. डोंगर झाकावा लागला, यापेक्षा स्पष्ट शब्दांत एखादे गाव काय सांगणार? कामाकुराने २०१९ मध्ये चालता-चालता खाणे टाळण्याची विनंती नियमात घातली. टोकियोच्या चियोदा वॉर्डात २००२ पासून रस्त्यावर सिगारेट ओढल्यास दंड आहे. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे आणि ओसाकात उजवीकडे उभे राहण्याची सवय, तर साइतामा प्रांताने २०२१ मध्ये सगळ्यांनी स्थिर उभे राहावे असाच नियम केला. म्हणजे जपानी शिस्तही रोज नव्याने ठरते आहे. पाहुण्याने पाठ केलेल्या यादीपेक्षा समोरच्या पाटीकडे आणि पुढच्या माणसाकडे पाहिलेले बरे.

बेलापूर-श्रीरामपूरच्या पट्ट्यासाठी हा विषय सहलीपुरता राहिलेला नाही. जपानमध्ये ६५ वर्षांवरची लोकसंख्या २९ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. तरुण हात कमी पडतात, म्हणून भारताशी २०१७ मध्ये तांत्रिक प्रशिक्षणार्थींचा आणि जानेवारी २०२१ मध्ये विशिष्ट कौशल्य कामगारांचा करार झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचे उद्दिष्ट जाहीर केले, त्यांत भारतातून ५०,००० कुशल हात. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, कारखाने अशी ही कामे आहेत. त्यासाठी जपानी भाषेची एन-४ किंवा तिच्या तोडीची परीक्षा लागते. पुणे हे महाराष्ट्रातले जपानी शिकण्याचे जुने केंद्र. जुलै आणि डिसेंबरच्या परीक्षा तिथे होतात. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले, पु. ल. देशपांड्यांच्या नावाचे उद्यानही तिथेच सिंहगड रस्त्यावर २००६ पासून उभे आहे.

आयटीआय करून चाकणला लागलेल्या मुलाला 'फाइव्ह एस', 'काइझेन', 'पोका-योके' हे जपानी कारखान्यांतले शब्द पाठ असतात, कारण ते शॉप फ्लोअरच्या भिंतीवर रंगवलेले असतात. तो मशीनजवळची जागा पुसतो, हत्यार आखलेल्या जागी ठेवतो. जपानी शिस्तीचा हा भाग त्याच्या हातात आधीच आलेला आहे. त्याला शिकवायला हवे ते 'होरेन्सो': घडले की सांग, बदलले की कळव, अडले की विचार. चूक झाली तर साहेब रागावतील म्हणून ती आपणच दुरुस्त करून झाकण्याची आपली सवय तिथे मोठा दोष मानली जाते. शुश्रूषेला जाणाऱ्या मुलीला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे म्हाताऱ्या बाईला 'आजी' म्हटले की ती आपली होते. तिथल्या शुश्रूषागृहात तिला आडनावाने, 'सान' लावून हाक मारायची, कारण ती आधी एक स्वतंत्र बाई आहे. तिला आंघोळ घालताना, कपडे बदलताना प्रत्येक वेळी आधी सांगायचे, मग हात लावायचा. या मुलीने घरी आजीची सेवा केलेली असेल तर तिच्या हातात माया आहेच. त्या मायेला तिथल्या मर्यादेची जोड मिळाली, तर तिच्याइतकी चांगली परिचारिका दुसरी सापडणार नाही.

या सगळ्यात महर्षी कर्व्यांची आठवण येणे साहजिक आहे. जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली आणि डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये ते सुरूही झाले. पुढे १९२९-३० च्या जगप्रवासात त्यांनी टोकियोचे ते विद्यापीठ डोळ्यांनी पाहिले. त्यांनी जपानची नक्कल केली नाही. मुलींना मातृभाषेतून शिकवायचे, हा कणा मात्र पक्का धरला.

तोच कणा आज परदेशी निघालेल्या मुलांच्या तयारीत हरवलेला दिसतो. त्यांना शब्द, व्याकरण आणि परीक्षेतले प्रश्न शिकवले जातात. कचऱ्याची वर्गवारी, गेंकान, स्नानगृह, औषधांचे नियम, 'होरेन्सो', नकार ओळखणे, हे त्यांना तिथे पोहोचल्यावर एकट्याने शिकावे लागते, आणि तेही अर्ध्या कळणाऱ्या भाषेत, चार अनोळखी माणसांच्या खोलीत. ही शिकवणी मराठीतून व्हायला हवी. पुण्यालाच नव्हे, श्रीरामपूर, संगमनेर, राहुरीसारख्या तालुक्याच्या गावांत, आयटीआयच्या एखाद्या रिकाम्या वर्गात संध्याकाळी. शिकवायला जपानमध्ये काही वर्षे राहून परतलेले मराठी तरुण आहेत, पुण्यात जपानी भाषेच्या शिक्षकांची संघटना आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत कौशल्य विकासाची कार्यालये आहेत. मुलांच्या सोबत त्यांच्या आईवडिलांनाही पहिल्या दिवशी बसवावे. मुलगा रात्री नऊनंतर खोलीतून फोनवर मोठ्याने का बोलत नाही, हे त्यांनाही कळायला हवे.